पाणी आणि पानी

शुद्ध उच्चार हा सद्गुण आहे काय? हा प्रश्न विचारणेच पुष्कळांस चमत्कारिक वाटेल. ज्या समाजात मुलाची मुंज झाली की त्याच्या तोंडून 'स' आणि 'श' वेगळे निघतात की नाही हे प्रथम पाहिले जात असे, त्या समाजात शुद्ध उच्चार हा सद्गुणच नव्हे तर कुलीनतेचा दाखलाही मानला जावा ह्यात नवल नाही. मुंजीची ती परीक्षा आता बहुतेक घरांतून गेली. परंतु परीक्षक गेलेला नाही. तो शाळेत, कचेरीत, व्याख्यानाच्या सभागृहात आणि सोयरीक ठरविण्याच्या बैठकीत अद्याप बसलेला आहे. समोरचा मनुष्य काय बोलतो आहे ह्यापेक्षा तो 'पाणी' म्हणतो की 'पानी' म्हणतो, इकडेच त्याचा कान अधिक असतो.

ह्या एका शब्दावरूनच आम्ही आजचा विचार करू इच्छितो, आणि त्यासाठी वर्धा जिल्ह्यासारखा दुसरा जिल्हा सापडणे कठीण. तेथील खेड्यातील मूल घरी 'पानी' म्हणते. मराठीच्या तासाला तो शब्द अशुद्ध ठरतो, गुरुजी 'ण' वर जोर देऊन तो दुरुस्त करतात आणि वर्ग हसतो. पुढच्याच तासाला हिंदीचे पुस्तक उघडले जाते. तेथे तेच मूल, त्याच जिभेने, तोच 'पानी' म्हणते, आणि आता तो उच्चार निर्दोष असतो. मधल्या पाच मिनिटांत मुलाच्या मुखात काही फरक पडला नाही, की वस्तूतही पडला नाही. फरक पडला तो ऐकणाऱ्याच्या अपेक्षेत. मग जो दोष मुलाच्या माथी मारला गेला तो नेमका कोठे राहतो?

वर्धा जिल्ह्याची बोली ही वऱ्हाडी आणि नागपुरी ह्यांच्या सांध्यावरची बोली आहे. पश्चिमेस वर्धा नदी. तिच्या पलीकडे अमरावती व यवतमाळ, म्हणजे जुना वऱ्हाड. अलीकडे आर्वी, देवळी, पुलगाव, हिंगणघाट. हा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा होता. ते राज्य खालसा झाल्यावर १८६१ साली मध्यप्रांत निर्माण झाला, आणि १८६२ साली नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा काढण्यात आला. १९५६ पर्यंत त्याचा कारभार अशा प्रांतात चालला की जेथे हिंदी आणि मराठी शेजारी शेजारी बसत. ग्रियर्सन साहेबांनी आपल्या भाषापाहणीचा मराठीचा खंड १९०५ साली प्रसिद्ध केला, त्यात ह्या बोलींची दखल आहे. त्यांची लक्षणे कोणाही प्रवाशास अर्ध्या तासात कळतात. 'ण' च्या ठिकाणी 'न' येतो: पानी, लोनी, कोन. 'ळ' च्या ठिकाणी 'य' येतो: डोळ्याचा डोया होतो, काळ्याचा काया होतो. 'वि' मधला 'व' गळून विहिरीची इहीर होते आणि विस्तवाचा इस्तो होतो. 'येत आहे' असे न म्हणता 'येऊन राहिला' म्हणतात. त्यात हिंदीच्या 'आ रहा है' ची चाल स्पष्ट दिसते. ह्यांतील एकही गोष्ट आळसाने किंवा अडाणीपणाने घडलेली नाही. प्रत्येकीस नियम आहे. वऱ्हाडी मनुष्य 'ळ' चा कधी 'य' आणि कधी 'ट' करीत नाही. तो आपला नियम पुण्याच्या शास्त्र्याइतक्याच काटेकोरपणे पाळतो, फक्त त्याचा नियम कोणी छापलेला नाही.

आता 'पाणी' ह्या शब्दाची वंशावळ पाहू. संस्कृतात 'पानीय' असा शब्द आहे, आणि त्यात 'न' आहे. प्राकृतात दोन स्वरांमधील 'न' चा 'ण' होण्याची प्रवृत्ती होती. तिच्यामुळे 'पाणिअ' झाले, आणि तेथून मराठीचे 'पाणी'. तेव्हा मूळ शब्दाशी ताडून पाहिले तर बिघाड आपल्या छापील मराठीत झालेला आहे, आणि शेतकऱ्याचा 'पानी' संस्कृताशी अधिक मिळता आहे! 'लोणी' ची गोष्ट तीच. ते 'नवनीत' पासून आले, आणि 'नवनीत' मध्ये 'ण' औषधालाही नाही. 'ळ' ची कथा ह्याहून मौजेची. संस्कृतातील फल, काल, कमल ह्यांचे मराठीत फळ, काळ, कमळ झाले. उत्तरेकडे 'ल' तसाच राहिला, आपल्याकडे जीभ मागे वळली. म्हणजे ज्या 'ळ' चा 'य' झाल्याबद्दल आपण हसतो तो 'ळ' स्वतःच एका काळच्या 'चुकी' चे अपत्य आहे. वेदांत 'ळ' आहे, ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत तो येतो, हे खरे. परंतु तेथे तो 'ड' पासून झालेला आहे, आणि आपल्या फळातील 'ळ' शी त्याचे नाते लावणे म्हणजे नावसारखेपणावरून वारसा सांगण्यासारखे आहे.

न्यायासाठी हेही सांगितले पाहिजे की हा युक्तिवाद सर्वत्र चालत नाही. 'बाण' ह्या शब्दात मुळापासून 'ण' आहे, आणि त्याचा 'बान' केल्यास संस्कृताचा आधार मिळत नाही. परंतु आमचा हेतू वऱ्हाडीस संस्कृताचे प्रमाणपत्र मिळवून देण्याचा नाहीच. वंशावळीने जर शुद्धता ठरत असेल तर ती सर्वांचीच तपासली पाहिजे, आणि ती तपासली तर कोणाचेच घर शाबूत राहत नाही, एवढेच आम्हास दाखवावयाचे आहे.

कारण जो सुशिक्षित 'पानी' ला हसतो, त्याच्या स्वतःच्या मुखाची स्थिती काय आहे? 'ज्ञ' हे अक्षर 'ज' आणि 'ञ' ह्यांचे जोडाक्षर. मराठी मनुष्य त्याचा उच्चार 'द्न्य' असा करतो, हिंदी मनुष्य 'ग्य' असा करतो, गुजराती 'ग्न' असा करतो. लिहिल्याप्रमाणे उच्चार करणारा ह्या तिघांत एकही नाही. तथापि उत्तरेकडील पाहुण्याने 'ग्यान' म्हटले की आपल्या ओठांवर स्मित येते, आणि आपण 'द्न्यान' म्हटले की त्याच्या ओठांवर येते. 'ऋ' हा संस्कृतात स्वर होता. आपण त्याचा 'रु' केला आणि हिंदी भाषकांनी 'रि' केला. आपला कृष्ण 'क्रुष्ण' झाला, त्यांचा 'क्रिष्ण'. 'ष' तर बहुतेकांच्या मुखातून केव्हाच नाहीसा झाला आहे. 'विशेष' ह्या शब्दातील दोन ऊष्म वर्ण वेगळे करून दाखवा असे पदवीधरास सांगितले तर तो बुचकळ्यात पडेल. आणखी एक अगदी ताजे उदाहरण पाहा. इंग्रजी शाळांतून शिकलेली शहरातील मुले आज 'फळ' आणि 'फूल' म्हणताना दोन्ही ओठ जुळवीत नाहीत. वरचे दात खालच्या ओठावर टेकवून इंग्रजी 'फॅन' मधला वारा सोडतात. मराठीचा जुना 'फ' अशा रीतीने आपल्या डोळ्यांदेखत बदलत आहे. त्यावर कोणी हसल्याचे आम्ही ऐकले नाही. डोळ्याचा 'डोया' झाला तर तो गावंढळपणा, आणि 'फ' चा इंग्रजी 'एफ' झाला तर ती ऐट! तेव्हा हसण्याचे कारण उच्चारात नसून उच्चारणाऱ्याच्या पायातील वहाणांत आहे, असा संशय घेण्यास जागा आहे.

उच्चाराची घडण कशी होते हे थोडे पाहिले तर हा संशय बळावतो. आपल्या पूर्वजांनी ह्या विषयाचा जितका सूक्ष्म विचार केला तितका जगात फार थोड्यांनी केला असेल. स्थान आणि प्रयत्न ह्या दोन कल्पनांवर त्यांनी सगळी वर्णमाला मांडली: कंठापासून निघून टाळू, मूर्धा, दात असे पुढे येत ओठांपर्यंत. जीभ कोठे टेकते आणि वारा कसा अडतो, ह्यापलीकडे व्यंजनाचे रहस्य फारसे नाही. 'ळ' म्हणताना जिभेचे टोक मागे वळून टाळूस निसटता स्पर्श करते आणि वारा कडांनी जातो. तो स्पर्श टाळला, जिभेचा मधला भाग किंचित उचलला, की 'य' सारखा ध्वनी निघतो. केसभर अंतराचा हा खेळ आहे. जिभेने ते अंतर राखावे की नाही हे तिचा मालक विचार करून ठरवीत नाही; ते त्याच्यासाठी तो पाळण्यात असतानाच ठरून गेलेले असते.

ह्याचा पुरावा १९८४ साली कॅनडातील व्हँकूव्हर येथे जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज ह्या दोन संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत आहे. त्यांनी इंग्रजी घरांतील तान्ह्या मुलांना हिंदीतील 'त' आणि 'ट' ऐकविले. इंग्रजीत हा भेद नाही. मोठ्या इंग्रजी भाषकांस तो ऐकूच येत नाही. परंतु सहा ते आठ महिन्यांच्या बालकांस तो ऐकू आला! दहा-बारा महिन्यांची होईतो बहुतेकांची ती शक्ती लोपली होती. मूल जन्मतः बहुभाषी कान घेऊन येते, आणि पहिल्याच वर्षात आईच्या भाषेस न लागणारी दारे एकेक करून लावून घेते. ह्यात उणेपणा नाही. दारे लावल्याशिवाय घर होत नाही. जपानी मनुष्यास 'र' आणि 'ल' वेगळे ऐकू येत नाहीत, अरबास 'प' म्हणता येत नाही, आणि आपल्यास इंग्रजी 'टी' हा 'ट' वाटतो, वास्तविक तो 'त' ही नाही आणि 'ट' ही नाही, दोहोंच्या मधला आहे. हवाई बेटांतील भाषेत अवघी ८ व्यंजने आहेत आणि त्यांत त्या लोकांचा सगळा संसार चालतो. उलट आपण दुसऱ्याच्या दुःखाबद्दल हळहळताना जिभेने जो 'च्च च्च' असा आवाज काढतो, तो दक्षिण आफ्रिकेतील काही भाषांत साधे व्यंजन आहे. त्याने तेथे शब्द बनतात.

अशा 'चुकी' तून केवढ्या गोष्टी जन्मल्या आहेत हेही विसरू नये. प्राचीन इराणी लोकांच्या मुखात आपल्या 'स' च्या जागी 'ह' येई. 'सिंधु' चा त्यांनी 'हिंदु' केला. ग्रीकांच्या मुखातून तो 'ह' ही गळाला, आणि त्यातून 'इंडिया' झाले. पुढे अरबांनी 'प' न साधल्यामुळे 'पारसी' ची 'फारसी' केली, आणि ती भाषा आज स्वतःस त्याच नावाने ओळखते. ज्या शब्दासाठी आपल्या देशात लोक प्राण देण्याघेण्यास सिद्ध होतात तो शब्द, आणि ज्या भाषेच्या शुद्धतेसाठी परीक्षा घेतल्या जातात त्या 'हिंदी' चे नाव, ही दोन्ही परक्याच्या उच्चारदोषाची देणगी आहेत.

येथे शास्त्रनिष्ठ वाचक आम्हास थांबवील. तो म्हणेल, उच्चाराची ही अशी थट्टा करू नका. पतंजलीने महाभाष्यात सांगितलेली असुरांची गोष्ट आठवा. असुरांनी 'हे अरयः' असे म्हणावयाचे सोडून 'हेलयः' म्हटले आणि त्यांचा पराभव झाला. तसेच त्वष्ट्याने इंद्राचा घात करणारा पुत्र मागताना 'इंद्रशत्रु' शब्दातील स्वराघात चुकविला, त्यामुळे 'इंद्राला मारणारा' ह्याऐवजी 'इंद्र ज्याला मारील तो' असा अर्थ झाला आणि वृत्र इंद्राच्या हातून मेला. आक्षेप वजनदार आहे, आणि तो आम्ही टाळू इच्छीत नाही. अर्थ जेथे स्वरावर लटकलेला असतो तेथे स्वर सांभाळलाच पाहिजे. वेदपाठकांनी पिढ्यान्‌पिढ्या आपला पाठ केवळ मुखाने जपला हा मानवी स्मृतीचा अद्‌भुत पराक्रम आहे, आणि तो उच्चारदक्षतेवाचून घडताच ना.

परंतु त्याच महाभाष्यात, त्याच पस्पशाह्निकात, आणखी एक गोष्ट आहे, आणि ती सांगण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. पतंजली सांगतो की पूर्वी काही थोर ऋषी होते. ते ज्ञानी होते, सत्य जाणणारे होते. 'यद्वा नः, तद्वा नः' असे म्हणावयाचे असता ते बोलताना 'यर्वाणः, तर्वाणः' असे म्हणत, आणि त्यावरून त्यांचे नावच 'यर्वाणस्तर्वाण' पडले. परंतु यज्ञकर्मात मात्र ते तसे बोलत नसत. असुर यज्ञकर्मातही तसे बोलले, म्हणून त्यांचा नाश झाला. आमच्या मते ह्या एका दाखल्यात सगळ्या वादाचा निवाडा आहे. व्याकरणाचा एवढा मोठा आचार्य, परंतु त्याने घरच्या बोलण्यावरून ऋषींचे ऋषिपण काढून घेतले नाही. त्यांस हसलाही नाही. स्थान पाहून वाणी असावी, एवढेच त्याचे म्हणणे. आम्ही मात्र असुरांची गोष्ट पाठ केली आणि ऋषींची विसरलो.

उच्चारावरून मनुष्याची पारख करण्याचा शेवट कोठपर्यंत जाऊ शकतो ह्याचे दाखले इतिहासात आहेत. यहुद्यांच्या धर्मग्रंथात, शास्ते नावाच्या पुस्तकात, एक प्रसंग आहे. गिलाद आणि एफ्राईम ह्या दोन टोळ्यांत लढाई झाली. पराभूत एफ्राईमी यार्देन नदीच्या उतारावरून पळू लागले तेव्हा गिलादी पहारेकरी प्रत्येकास 'शिब्बोलेथ' असे म्हणावयास सांगत. एफ्राईमींस 'श' येत नसे. 'सिब्बोलेथ' असे निघाले की तेथेच त्याचा वध होई. अशा रीतीने ४२,००० माणसे मेली असे तो ग्रंथ सांगतो. मुंजीच्या बटूच्या 'स' आणि 'श' ची आठवण वाचकांस येथे झाल्यावाचून राहणार नाही. ही जुनी कथा म्हणून सोडून द्यावी तर १९२३ ची आहेच. त्या वर्षी सप्टेंबरच्या पहिल्या तारखेस जपानात प्रलयंकर भूकंप झाला. कोरियन लोक विहिरींत विष टाकीत आहेत अशा कंड्या पिकल्या, आणि सशस्त्र टोळ्या रस्त्यात माणसे अडवून त्यांस 'पंधरा येन पन्नास सेन' हे शब्द जपानीत उच्चारावयास लावू लागल्या. कोरियन जिभेस शब्दारंभीचे ते घोष वर्ण साधत नाहीत. ज्यांस साधले नाहीत त्यांतील कित्येक प्राणांस मुकले.

आमच्या शाळेतील हशा आणि हे हत्याकांड ह्यांची तुलना अतिशयोक्तीची होईल, हे आम्ही जाणतो. हसणारा मुलगा कोणाचा जीव घेत नाही. परंतु पद्धत एकच आहे: मनुष्याने काय केले हे न विचारता, पाळण्यात त्याच्या जिभेस जे वळण लागले त्याबद्दल त्याला जबाबदार धरावयाचे. आणि जीव जात नसला तरी वाचा जाते. ज्या मुलास प्रत्येक वाक्यास दुरुस्ती मिळते ते मूल हळूहळू वाक्येच बोलेनासे होते. त्यास उत्तर येत असते, पण त्या उत्तरात एखादा 'ळ' असतो, म्हणून ते हात वर करीत नाही. पुढे तेच मूल मोठे होऊन नोकरीच्या मुलाखतीस जाते तेव्हा त्याचे अर्धे लक्ष प्रश्नाकडे आणि अर्धे आपल्या जिभेकडे असते. समोरचे गृहस्थ समजतात की त्यास विषयच येत नाही. ह्या न बोललेल्या उत्तरांची मोजदाद कोठे होत नाही, म्हणून ती हानी हानी वाटत नाही.

वर्ध्याच्या भूमीत हा विचार विशेष रीतीने रुजला पाहिजे होता. १९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळील शेगाव येथे राहावयास गेले. त्या गावाचे नाव १९४० साली सेवाग्राम झाले. त्या कुट्यांत किती मुखांतील किती वळणे एकत्र आली असतील! स्वतः गांधीजी काठेवाडचे, त्यांस ह्या मुलुखात आणणारे जमनालाल बजाज मारवाडी, नई तालीमचे काम पाहणाऱ्या आशादेवी बंगाली आणि त्यांचे पती आर्यनायकम् सिंहलद्वीपातील तमिळ, कुमाराप्पा तमिळ, मीराबेन इंग्रज, धाम नदीच्या काठी पवनार येथे विनोबा, कोकणातील गागोद्याचे आणि बडोद्यात वाढलेले, काका कालेलकर साताऱ्यास जन्मलेले आणि गुजरातीचे मोठे लेखक बनलेले. ह्या मंडळींनी एकमेकांचे उच्चार प्रथम नीट करून मगच देशकार्यास लागावयाचे ठरविले असते तर बहुधा अजून वर्णमालाच चालू असती.

१९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यास शिक्षणपरिषद भरली. मुलास सात वर्षांचे सक्तीचे मोफत शिक्षण मिळावे, ते हस्तोद्योगाभोवती गुंफलेले असावे, आणि मातृभाषेतून मिळावे, असे तिने ठरविले. ठराव थोर आहे. परंतु 'मातृभाषा' ह्या शब्दाकडे आम्ही पुन्हा पुन्हा पाहतो तेव्हा मनात येते की ज्या गावात परिषद भरली तेथील मुलाची माता कोणती भाषा बोलत होती? ती 'डोया' म्हणत होती. पुस्तकातील भाषा ही त्या मुलाची मातृभाषा नसून मावशीची भाषा होती: नात्याची, ओळखीची, परंतु आईची नव्हे. मातृभाषेतून शिक्षण ह्या तत्त्वाचा पहिला अर्थ असा की मुलाच्या आईच्या बोलण्याचा शाळेत अपमान होऊ नये. तो अर्थ आपण सोयीस्करपणे गाळला.

हिंदीप्रचाराच्या बाजूसही हाच धडा लागू आहे. १९३६ साली वर्ध्यास राष्ट्रभाषा प्रचार समिती स्थापन झाली. (संविधानाने हिंदीस संघाची राजभाषा म्हटले, राष्ट्रभाषा म्हटले नाही, संस्थेचे नाव मात्र जुनेच आहे.) पुढे १९९७ साली तेथे महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयही आले. महाराष्ट्रीय मनुष्य हिंदी बोलतो तेव्हा 'है' चा 'हय' करतो, लिंगांचा घोळ करतो, आणि उत्तरेकडील कान ते ताबडतोब टिपतात. 'पानी' वर मराठीत मार खाल्लेले मूल 'हय' वर हिंदीत मार खाते. दोन्ही बाजूंच्या शुद्धिरक्षकांस एकमेकांची ओळख नाही. परंतु मुलाच्या दोन्ही गालांस ती आहे.

तर मग प्रमाणभाषा नकोच काय? असे आमचे म्हणणे मुळीच नाही. लेखनात एकरूपता हवी. गांधीजींनी स्वतः गुजरातीच्या मनमानी लेखनास कंटाळून गुजरात विद्यापीठाकडून १९२९ साली जोडणीकोश काढवून घेतला. शेकडो बोलींच्या लोकांनी एक पुस्तक वाचावयाचे तर हे आवश्यकच आहे. व्याख्यान, न्यायालय, वृत्तनिवेदन येथेही सर्वांस कळेल असे एक वळण असावे. फक्त ते वळण आकाशातून पडले अशी समजूत नसावी. मोल्सवर्थचा कोश १८३१ चा, दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ चे; दोन्ही मुंबईत सिद्ध झाली आणि त्यांनी आधार धरला तो मुख्यतः देशावरील सुशिक्षितांच्या मराठीचा. त्या वेळी वर्धा नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होते. तेथील कोणाचे मत घेण्याचा प्रश्नच नव्हता. उद्या राजकारणाचे पारडे फिरून ग्रंथ प्रथम नागपुरात छापले गेले असते, तर आज पुण्यातील मुले 'पाणी' म्हटल्याबद्दल बाकावर उभी राहिली असती. हे वळणही स्थिर नाही. 'कां', 'नाहीं', 'आम्हीं' ह्यांवरील अनुस्वार देऊन लिहिणे हे १९६२ पूर्वी सुशिक्षितपणाचे लक्षण होते. साहित्य महामंडळाच्या नियमांनी ते काढून टाकले, आणि आज जो ते देईल तोच चुकतो.

उलट, प्रमाण उच्चार खेड्यातील मुलास शिकवूच नये, त्याचे त्याला गोड, असे म्हणणारे काही उदारमतवादी आम्हास भेटतात. त्यांची मुले मात्र उत्तम प्रमाणभाषा आणि त्याहून उत्तम इंग्रजी बोलतात. ही उदारता आम्हास संशयास्पद वाटते. ज्या किल्लीने कुलूप उघडते ती किल्ली गरिबास न देता त्याच्या झोपडीचे सौंदर्य वाखाणण्यासारखे हे आहे. मुलास 'ळ' शिकवावा, अवश्य शिकवावा. परंतु जसा त्यास पोहावयास शिकवितो तसा, जसा त्याचा रोग बरा करतो तसा नव्हे. "घरी आपण डोया म्हणतो, पुस्तकात डोळा लिहितो, आता जीभ अशी मागे वळवून पाहा," एवढे म्हणणाऱ्या शिक्षकास मूल एक गोष्ट अधिक देते, पहिली गमावीत नाही. दोन वळणे एका मुखात सुखाने नांदतात. यर्वाणस्तर्वाण ऋषींच्या मुखात ती नांदत होतीच.

आणखी एका विसंगतीकडे वाचकांचे लक्ष वेधतो. १९५२ साली बहिणाबाई चौधरींची गाणी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली आणि महाराष्ट्राने ती डोक्यावर घेतली. खानदेशातील त्या माउलीच्या बोलीतही 'ळ' चा 'य' होतो. ती गाणी म्हणताना आपल्या घरांतील मुली मुद्दाम तो 'य' जपतात. तेथे कोणी 'ळ' घातला तर रसहानी झाली म्हणून आपणच कळवळतो. मग तोच 'य' हिंगणघाटच्या बाजारात कापूस विकावयास आलेल्या मनुष्याच्या तोंडी आला म्हणजे त्याची गोडी कोठे जाते? कवितेतील बोली आपल्यास चालते, कारण कविता आपल्यापाशी काही मागत नाही. जिवंत मनुष्य भाव मागतो, नोकरी मागतो, बरोबरीची खुर्ची मागतो.

मराठी बोलणाऱ्यांस एकत्र बांधणारे सूत्र आपण भलत्याच ठिकाणी शोधतो, असे आम्हास वाटते. 'चार' ह्या संख्येतील 'च' आणि गुरांच्या 'चारा' मधील 'च' हे दोन निराळे वर्ण आहेत. 'माझा' मधला 'झ' दाताकडचा, 'माझी' मधला टाळूचा. लिपी हा भेद दाखवीत नाही. कोणत्याही शाळेत तो शिकवीत नाहीत. पुष्कळांस आपण तो करतो हे ठाऊकही नसते. परंतु पुण्याचा प्राध्यापक आणि देवळीचा शेतमजूर, दोघेही तो अचूक करतात, आणि वर्षानुवर्षे महाराष्ट्रात राहिलेला परप्रांतीय विद्वान तेथे अडखळतो. इतके नाजूक, इतके न शिकवता आलेले साम्य ज्या दोघांत आहे त्यांस एका 'ण' वरून परके ठरवावयाचे म्हणजे कमाल झाली. त्या परप्रांतीय विद्वानाने 'चारा' तील 'च' चुकविला तरी त्याच्या विद्वत्तेस बाध येत नाही, हेही ओघानेच आले.

बोलणाऱ्याने स्पष्ट बोलावे हे आपण नेहमी सांगतो. ऐकणाऱ्याच्या कर्तव्याविषयी मात्र आपल्या नीतिग्रंथांत फारसे काही नाही. वास्तविक कळण्याचे निम्मे श्रम त्याचे आहेत. इंग्रज अधिकाऱ्याचे मोडके मराठी आमच्या आजोबांनी कान देऊन ऐकले, त्यातून अर्थ काढला आणि वर 'साहेब छान मराठी बोलतात' असे कौतुकही केले. तेवढे श्रम घेण्याची शक्ती कानांत आहे हे त्यावरून सिद्धच झाले. आता ते श्रम आर्वीहून आलेल्या, आपल्याच वर्गातील मुलासाठी घ्यावयाचे आहेत, आणि त्याच्या बोलण्यात तर उलगडावयास कठीण असे काहीच नाही. त्याने पानी मागितले आहे.